ऊर्जापिकांपासून बायोगॅस: नागपूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, भंडारा आणि काटोल-नरखेडकडून नेपियर गवत आणि गॅसबद्दल जे प्रश्न परत परत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न गॅस किती निघेल हा असतो. आमच्या मते विदर्भात पाण्याचा हिशेब आधी करायला हवा, गॅसचा त्यानंतर. वेळ कमी असेल तर प्रश्न ७ आणि १८ तेवढे वाचा.

१. ऊर्जापीक म्हणजे काय? नेपियर तर आम्ही गाईला टाकतो.

पीक तेच असतं, वापर बदलतो. जे पीक त्यातली ऊर्जा काढून घेण्यासाठीच लावलं जातं ते ऊर्जापीक. युरोपात यासाठी मुख्यतः मका लावतात. आपल्याकडे ज्याची चर्चा चालते ते संकरित नेपियर, म्हणजे बाजरी आणि हत्तीगवत यांचा संकर. याला उगवणारं बी धरत नाही. लागवड दोन डोळ्यांच्या कांडीने किंवा ठोंबाने होते, त्यामुळे 'नेपियरचं बियाणं' म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर घेऊ नका. राहुरीचं फुले जयवंत, कोइम्बतूरचे को-४ आणि को-५, बायफ संस्थेचं बीएनएच-१० हे माहितीतले वाण आहेत. 'सुपर नेपियर' म्हणून जे विकलं जातं ते मूळचं थायलंडचं.

२. गवतापासून गॅस होतो तरी कसा?

बंद टाकीत, हवा नसताना, जिवाणू ते चार टप्प्यांत कुजवतात. आधी गवतातले लांबलचक घटक तुटून साखर आणि तत्सम साधे पदार्थ होतात. त्यांची आम्लं होतात, त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार होतो, आणि शेवटच्या टप्प्यातले जिवाणू त्यापासून मिथेन करतात. मिळणाऱ्या वायूत साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि किंचित हायड्रोजन सल्फाइड.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे प्रश्न १३ मध्ये ती कामाला येईल. आम्ल करणारे जिवाणू झटपट वाढतात आणि मिथेन करणारे सावकाश. टाकीतली बहुतेक भांडणं या दोघांच्या वेगातल्या फरकातून होतात.

३. शेणापेक्षा गवतातून जास्त गॅस निघतो म्हणतात. खरं काय?

वजनाला वजन धरलं तर खरं. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. तेवढाच गॅस १२ ते १४ किलो हिरव्या नेपियरमधून मिळू शकतो. कारण सोपं आहे: चाऱ्यातला सहज पचणारा भाग गाईने आधीच वापरलेला असतो, आपल्या हाती उरलेलं येतं.

पण 'एक टन नेपियरला इतका गॅस' असा एकच आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा. कापणीच्या वेळी गवतात शुष्क भाग (पाणी सोडून उरणारा) किती होता यावर सगळं ठरतं. पावसाळ्यातलं लुसलुशीत गवत १५ टक्क्यांवर असतं, थोडं जून झालेलं २० ते २२ टक्क्यांवर. टनामागे ७० ते ९० घनमीटर बायोगॅस हा डोकं ठिकाणावर ठेवून धरायचा आकडा. मुरवलेल्या मक्यातून टनाला २०० च्या आसपास मिळतो, कारण त्यात पाणी कमी आणि दाणा असतो.

४. घरच्या स्वयंपाकापुरता गॅस हवा आहे. गवत किती आणि जागा किती?

चार-सहा माणसांच्या घराला रोज २ घनमीटर गॅस पुरतो. नुसत्या नेपियरवर धरलं तर रोज २५ ते ३० किलो, वर्षाला १० टनांच्या आसपास. पाणी असलेल्या चांगल्या जमिनीत एकरी वर्षाला ६० टन हिरवं गवत धरलं तर सात गुंठे पुरतात. एकरी ८० आणि १०० टनांचे आकडेही ऐकू येतात. ठिबक, भरपूर शेणखत आणि भारी जमीन असेल तर त्यांच्याजवळ जाता येतं, पण हिशेब ६० वरच मांडा.

एलपीजीशी तुलना करायची तर १४.२ किलोचं एक सिलिंडर म्हणजे अंदाजे ३२ घनमीटर बायोगॅस.

गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर मात्र घरापुरत्या गॅससाठी गवत लावायची गरजच नाही. गवळाऊ गाय दिवसाला ८ ते १० किलो शेण देते, तेवढ्यावर भागतं. गवत कामाचं आहे ते एक-दोन जनावरं उरलेल्या घरांना, आणि आता अशीच घरं जास्त आहेत.

५. आमच्याकडे जुना दीनबंधू गोबरगॅस बंद पडून आहे. त्यात गवत टाकलं तर चालू होईल काय?

नुसतं गवत टाकलं तर महिनाभरात तुंबेल. दीनबंधू, म्हणजे विटांच्या पक्क्या घुमटाचं संयंत्र, १९८४ साली आला तो शेणकाल्यासाठी: एक भाग शेण, एक भाग पाणी, ढवळायची सोय नाही. गवत पाण्यावर तरंगतं. आत त्याचा जाड थर धरतो, वरचा भाग वाळतो, खालून आलेला गॅस अडकतो आणि आत येणारा पाइपही बुजतो.

चालवायचाच असेल तर शेण मुख्य ठेवा. गवताची कुट्टी एक सेंटिमीटरच्या आत करा, एक-दोन दिवस जुन्या स्लरीत (टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्यात) भिजवा आणि एकूण खाद्याच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नका. तरंगत्या टोपीच्या खादी ग्रामोद्योग पद्धतीच्या संयंत्रात टोपी फिरवून थर फोडता येतो, तिथे थोडी जास्त मोकळीक आहे. नुसत्या गवतावर चालवायची टाकी ढवळणीसकटच बांधावी लागते.

सुरू करण्याआधी घुमटाची गळती तपासून घ्या. बंद पडलेल्या बहुतेक संयंत्रांचं दुखणं तडा हे असतं. प्रश्न १५ पाहा.

६. टाकी भरून पंधरा दिवस झाले. गॅस येतो पण पेटत नाही.

सुरुवातीचा गॅस बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. तो मोकळ्या जागी सोडून द्या, जवळ विडी-काडी नको. दोन ते चार आठवड्यांत निळी ज्योत धरते.

नव्या टाकीला विरजण लागतं, आणि ते म्हणजे चालू गोबरगॅसमधली स्लरी. टाकीच्या दहाव्या हिश्श्याएवढी तरी आणून टाका. ती मिळाली नाही तर ताज्या शेणाने टाकी भरा, कारण गाईच्या पोटातले जिवाणू शेणातून येतात. गॅस पेटायला लागेपर्यंत गवताचं एक मूठही टाकू नका. घाई इथेच होते.

७. नेपियरला पाणी किती लागतं? आमच्या विहिरीला एप्रिलपर्यंतच पाणी असतं.

मग एप्रिलनंतर गवतही नसेल, असं धरून चला.

नागपूरकडे पाऊस बरा, वर्षाला १,००० मिलिमीटरच्या आसपास. पण तो जून ते सप्टेंबर पडतो. नेपियर बारमाही पीक आहे. पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी, नंतर दर ४०-४५ दिवसांनी. वरचे एकरी ६० टन बाराही महिने पाणी दिलं तरच येतात. कोरडवाहू शेतात पावसाळ्यात दोन-तीन कापण्या मिळतात आणि मग ठोंब जीव धरून बसतात.

आकडेच मांडू. एका एकराला ५ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. फेब्रुवारी ते जूनचा मध्य, दर दहा दिवसांनी, तेरा पाळ्या धरल्या तर २६ लाख लिटर. ठिबकने ते बरंच कमी होतं, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेल्यावर 'कमी' हा शब्दही जपून वापरावा लागतो. पेंचच्या कालव्याखाली रामटेक, मौदा, पारशिवनीकडे हा हिशेब बसू शकतो. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअर आधीच खोल गेल्या आहेत. तिथे बागेचं पाणी तोडून गवताला देणं कुणालाही परवडणार नाही.

सात गुंठ्यांना हाच हिशेब लावला तर उन्हाळाभर साधारण साडेचार लाख लिटर, म्हणजे दिवसाला साडेतीन हजारांच्या आत. हे पुष्कळांना जमण्यासारखं आहे. म्हणून आमचं मत असं की घरापुरतं नेपियर विदर्भात बहुतेक ठिकाणी जमेल, एकरांनी लावायचं नेपियर मोजक्या ठिकाणीच.

८. बारमाही पाणी नाही. मग दुसरं कोणतं पीक?

चारा ज्वारी. खरिपात पावसावर येते, पाण्याचा ताण सोसते, आणि दाणा दुधाळ ते अर्धवट घट्ट असताना कापली तर मुरवायला उत्तम. एकदा कापायची, मुरवायची आणि वर्षभर वापरायची. मक्यातून गॅस जास्त मिळतो, पण त्याला पाणी आणि खत दोन्ही जास्त लागतं आणि दाण्याला बाजार असताना तो टाकीत घालणं मनाला पटत नाही. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) ज्वारी-मका दोन्ही सोडत नाहीत, जंगलालगत असाल तर कुंपणाचा खर्च याच हिशेबात धरा.

९. गवत रोज कापून टाकायचं की मुरघास करायचा?

घरापुरतं असेल तर रोज कापा. मोठ्या प्रकल्पाला मुरघास टाळता येत नाही, कारण टाकीला बाराही महिने सारखं खाद्य लागतं आणि नेपियर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढायचं थांबतं.

पद्धत जनावरांच्या मुरघासाचीच: एक ते तीन सेंटिमीटर कुट्टी, दाबून भरणी, हवाबंद झाकण. लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. शुष्क भाग ३० टक्क्यांच्या जवळ हवा. नेपियर त्याहून ओलं असतं, म्हणून कापून एक दिवस उन्हात सुकू द्या, नाहीतर खड्ड्यातून रस गळून जाईल. त्या रसात गॅस देणारा चांगला भाग असतो, वाया घालवू नका, टाकीत टाका. बुरशी धरलेला वरचा थर मात्र टाकीत नको.

१०. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार, धानाची तणस हे सगळं टाकता येतं काय?

पऱ्हाटी आणि तुराट्या: नाही. त्यांत लिग्निन, म्हणजे लाकूड कठीण करणारा घटक, भरपूर असतं आणि हवेशिवाय ते जवळजवळ पचत नाही. पऱ्हाटीचा चांगला उपयोग ब्रिकेट किंवा पार्टिकल बोर्डसाठी होतो. शेतातून ती वेळेवर निघाली तर गुलाबी बोंडअळीचाही मुक्काम मोडतो, तो वेगळा फायदा.

कुटार आणि तणस पचतात, पण सावकाश. तणशीत सिलिका असते आणि ती तरंगते. बारीक दळून, भिजवून, शेणाबरोबर द्यायची. मौदा-भंडाऱ्याकडे तणस जाळण्याऐवजी असं होऊ शकलं तर नेपियर लावण्यापेक्षा आम्हाला ते जास्त आवडेल, कारण तिला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. धानाचा कोंडा, म्हणजे वरचं टरफल, टाकूच नका.

११. संत्र्याची गळ आणि सालं फुकट मिळतात. ती चालतील?

नागपूरकर हा प्रश्न विचारणारच. गरात साखर आहे, गॅस झकास येतो. अडचण सालीत आहे. सालीच्या तेलात लिमोनीन असतं आणि ते मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. पहिले काही दिवस गॅस वाढतो, माणूस खूश होऊन आणखी सालं टाकतो आणि मग टाकी बसते.

रस काढणाऱ्या कारखान्यात वाफेने सालीतलं तेल आधी काढून घेतलं असेल तर ती साल बरीच सुरक्षित. तसं नसेल तर गळ रोजच्या खाद्याच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा आणि दिवसाआड द्या. गळीबरोबर पुरेसं शेण जातं की नाही ते पाहा.

१२. जलपर्णी, बेशरम, गाजरगवत?

जलपर्णी पचते, पण तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. अंबाझरीतून काढलेली जलपर्णी शेजारच्या टाकीला परवडेल, ट्रकने वीस किलोमीटर नेलेली नाही. बेशरमचे दांडे लाकडी असतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी थोडं चालतं, हाताळताना हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

१३. चार-सहा महिने छान चाललं आणि मग गॅस कमी होत गेला. खाद्य तेवढंच आहे.

नुसत्या गवतावर चालणाऱ्या टाकीचं हे ठरलेलं दुखणं. कारणं बहुधा दोन.

पहिलं, सूक्ष्म धातू. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, सेलेनियम अगदी किंचित लागतात. शेणात ते असतात, गवतात पुरेसे नसतात. सुरुवातीच्या शेणाची शिल्लक संपेपर्यंत टाकी चालते, मग मंदावते. खतासारखं मोजून हे धातू देता येतात, मोठे प्रकल्प देतातही. लहान टाकीला साधा उपाय: खाद्याचा तिसरा हिस्सा शेण कायम ठेवा.

दुसरं, आम्ल साचणं. प्रश्न २ मधला वेगाचा फरक इथे आडवा येतो. खाद्य वाढवलं की आम्ल भराभर होतं, मिथेनवाले मागे पडतात, सामू ६.८ च्या खाली जातो आणि ते आणखीच सुस्तावतात. खुणा: आंबट वास, फेस, ज्योत अशक्त. अशा वेळी खाद्य वाढवायचं नाही, पूर्ण थांबवायचं. आठवडाभर थांबा, चालू गोबरगॅसची स्लरी टाका, मग अर्ध्या खाद्याने सुरुवात करा. चुना टाकून सामू चढवता येतो, पण कारण न शोधता चुना टाकत राहिलं तर तळाशी गाळ तेवढा वाढतो.

सामू तपासायची पट्टी स्वस्त मिळते. ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांच्याकडे ती असायलाच हवी.

१४. थंडीत गॅस अर्ध्यावर येतो. काय करावं?

जिवाणूंना ३५ ते ४० अंश आवडतं. नागपुरात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो. जमिनीत गाडलेली टाकी एवढी थंड होत नाही, पण मंदावते. काला दुपारी कालवा, पाणी उन्हात तापलेलं वापरा, घुमटावर कुटाराचा हातभर थर द्या. रबर-प्लास्टिकच्या फुग्याच्या टाकीवर रात्री ताडपत्री टाका. आणि या दोन महिन्यांत खाद्य थोडं कमी करा. गॅस घटला म्हणून जास्त खाद्य देणं हाच प्रश्न १३ चा रस्ता.

उन्हाळ्यात उलट होतं, मे महिन्यात गॅस उरतो.

१५. काळ्या जमिनीत बांधलेली टाकी तडकते. गवंड्याचा दोष की जमिनीचा?

बहुधा जमिनीचा, आणि ते ठाऊक असून तसंच बांधणाऱ्याचा. काळी भारी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि विटांचा घुमट हा रेटा सोसत नाही. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. तेवढं खोल जाणं शक्य नसेल तर बुडाशी आणि चहूबाजूंनी मुरूम-वाळूची भरती करा, म्हणजे काळी माती थेट भिंतीला चिकटणार नाही. पावसाळ्यात भूजल वर येत असेल तर रिकामी टाकी उचलली जाते, म्हणून दुरुस्तीसाठी टाकी उपसायची ती मे महिन्यात, ऑगस्टमध्ये नाही.

रबर-प्लास्टिकचे तयार फुगे हा प्रश्न टाळतात. त्यांचे शत्रू वेगळे: ऊन, उंदीर आणि वानरं. वर सावली आणि भोवती जाळी हवी.

१६. गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. धोका आहे काय?

तो हायड्रोजन सल्फाइड. चुलीला अगदी थोडा चालून जातो, इंजिन मात्र आतून खातो. लोखंडाचा गंजलेला कीस भरलेल्या नळीतून गॅस नेला की बराच कमी होतो. कीस काळा पडला की बाहेर काढून हवेत पसरा, पुन्हा वापरता येतो.

खरा धोका वास येतो तेव्हापेक्षा येत नाही तेव्हा. प्रमाण वाढलं की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत किंवा स्लरीच्या बंद खड्ड्यात कुणीही उतरू नये. एक जण बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, अशा दुर्घटनांत माणसं जोडीने जातात. गाळ काढायचा असेल तर झाकण उघडून टाकीला बरेच दिवस वारा लागू द्या, पंख्याने हवा आत सोडा, आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीवर स्फोट होतो. गळती काडी ओढून तपासतात, ते बंद करा. साबणाचं पाणी लावा.

१७. हा गॅस सिलिंडरमध्ये भरता येईल? गाडी चालेल?

एलपीजीच्या सिलिंडरमध्ये नाही, आणि कधीच नाही. एलपीजी थोड्या दाबाने द्रवरूप होतो, म्हणून छोट्या टाकीत पुष्कळ मावतो. मिथेन उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याला २०० बारच्या आसपास दाबून, खास सिलिंडरमध्येच भरावं लागतं, आणि त्याआधी कार्बन डायऑक्साइड, ओलावा, सल्फाइड काढावं लागतं. भारतीय मानक आयएस १६०८७ प्रमाणे किमान ९० टक्के मिथेन हवा. असं केलं की तो सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस), आणि सीएनजीची गाडी त्यावर चालते.

हे घरच्या घरी करायचं काम नाही. दाबाने भरलेल्या वायूला पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा, परवाना लागतो. नागपूरकरांची सोय अशी की पेसोचं मुख्यालयच आपल्याकडे, सेमिनरी हिल्सला आहे.

विजेचं म्हणाल तर इंजिन-जनरेटरवर एक घनमीटरला दीड ते दोन युनिट धरा. घरगुती टाकीच्या गॅसवर वीज करण्यापेक्षा स्वयंपाक केलेला फायद्याचा.

१८. कंपनीवाले आले होते. नेपियर लावा, सगळं विकत घेऊ, आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणतात. भरावे काय?

आधी पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा. गवत विकत घेणाऱ्याने शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात.

करार करायचाच असेल तर पाच-सहा गोष्टी तोंडी नको, कागदावर हव्या: दर हिरव्या वजनावर की शुष्क भागावर, कापणी आणि वाहतूक कुणाची, पावसाळ्यात एकदम आलेलं गवत उचलणार का, पैसे किती दिवसांत, आणि प्रकल्प उभा आहे की 'लवकरच' आहे. हा शेवटचा मुद्दा स्वतः जाऊन पाहा. हिरव्या गवतात ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे वाहतूकच पैसे खाते. प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर विषय तिथेच संपतो.

'एकरी इतके लाख' म्हणणाऱ्याला उलट विचारा, टनाला दर किती आणि एकरी टन किती. समजा दर टनाला १,००० रुपये आणि उत्पादन ६० टन, तर ६० हजार, तेही कापणी, पाणी आणि खताचा खर्च वजा न करता. बायोडिझेलसाठी झालेल्या रतनज्योतीच्या (जट्रोफाच्या) लागवडीचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

१९. आमच्या गटाला सीबीजीचा प्रकल्प टाकायचा आहे. किती एकर लागतील?

एक घनमीटर बायोगॅसमधून अंदाजे ०.४ किलो सीबीजी. टनभर नेपियरमधून ७० ते ९० घनमीटर धरले तर २८ ते ३६ किलो. म्हणजे रोज एक टन सीबीजीला रोज २८ ते ३६ टन गवत, वर्षात ३३० दिवस चालवलं तर सुमारे ९,००० ते १२,००० टन. एकरी ६० टनांनी दीडशे ते दोनशे एकर, सगळं बारमाही पाण्याखालचं. एवढं ओलित जवळपास एकत्र मिळत असेल तर पुढे जा. नसेल तर शेण, तणस, बाजारातला भाजीपाला हा पाया धरा आणि नेपियर कमी पडणाऱ्या महिन्यांपुरतं ठेवा.

विक्रीची बाजू आता आधीपेक्षा बरी आहे. १ ऑक्टोबर २०१८ ला केंद्राने 'सतत' योजना सुरू केली, तेल कंपन्या सीबीजी विकत घेतात. शहरी गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळण्याचं बंधनही ठरलं आहे: २०२५-२६ ला १ टक्का, पुढे ३ आणि ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के.

२०. घरगुती टाकीला अनुदान मिळतं? अर्ज कुठे?

पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात विचारा. रक्कम आकारमानावर आणि प्रवर्गावर ठरते आणि वर्षाचं उद्दिष्ट संपलं की थांबावं लागतं. मंजुरीआधी बांधकाम सुरू करू नका.

२१. गवताच्या स्लरीत दम असतो काय?

असतो. गॅसमध्ये कार्बन जातो, नत्र-स्फुरद-पालाश जवळजवळ सगळं मागे उरतं. नेपियर जमिनीतून नत्र आणि पालाश जोरात ओढतं, म्हणून स्लरी त्याच शेतात परत गेली पाहिजे. गवत विकलं आणि स्लरी परत आली नाही तर तीन वर्षांत जमीन उत्तर देते. करारात (प्रश्न १८) हा मुद्दाही घाला.

स्लरीतला नत्र अमोनियाच्या रूपात असतो. भर उन्हात वर शिंपडला तर उडून जातो. संध्याकाळी सरीत सोडा आणि मातीआड करा. गाळलेलं स्लरीचं पाणी कुट्टी कालवायला वापरलं तर ताजं पाणीही वाचतं.

२२. गवतच आहे तर दुष्काळात जनावराच्या तोंडचं काढून टाकीत घालायचं काय?

नाही. आधी जनावर, मग टाकी, आणि नेपियरचं हेच बरं आहे की ठरवायला उशीर झाला तरी चालतं. ४०-४५ दिवसांचं कोवळं कापलं तर चारा, ६० दिवसांच्या पुढे जून झालं तर टाकीला. जनावराने खाल्लं तरी शेण टाकीत येतंच. एक अपवाद: पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी जनावराला विषारी असते. ती गोठ्यात टाकण्याऐवजी थोडी थोडी टाकीत गेली तर बरं.

जर्मनीचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तिथे २००४ मध्ये ऊर्जापिकांच्या विजेला वाढीव दर मिळाला आणि मक्याची शेतं इतकी पसरली की २०१२ च्या कायद्यात नव्या प्रकल्पांना मका आणि धान्याचा वाटा ६० टक्क्यांवर अडवावा लागला. तिथे पाऊस वर्षभर पडतो. आपल्याकडे ही मर्यादा विहीर आधीच घालून देते.

२३. आठवडाभर लग्नाला जायचं आहे. गॅस साठून राहील, सोडून दिला तर काय बिघडतं?

न जळलेला मिथेन हवेत सोडणं वाईट. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापमानवाढ करतो, आणि गवत लावून केलेला सगळा फायदा त्यात जातो. निघायच्या तीन-चार दिवस आधी खाद्य थांबवा, जिवाणू आठवडाभराच्या उपासाने मरत नाहीत. घुमट भरलाच तर शेजाऱ्याला सांगून रोज तासभर शेगडी पेटवून ठेवा. शेगडी बायोगॅसचीच हवी, एलपीजीच्या शेगडीचं छिद्र बारीक असतं, त्यावर ही ज्योत टिकत नाही. परत आल्यावर पहिल्या दिवशी अर्धं खाद्य.